दहा जणांचं अर्थशास्त्र

बारावी सायन्सला मी नापास झाले तेव्हा घरात कुणी रागावलं नाही. तेच मला जास्त लागलं. बाबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ऱ्हाऊंदे. न्हाय जमत तर न्हाय जमत." जणू त्यांना ते आधीपासून ठाऊकच होतं. दादा तेव्हा न्हावा शेवाला कंटेनर यार्डात नुकताच लागला होता. त्यानं फोनवर "आता काय?" असं विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आत गणपतीत सुट्टी मिळेल की नाही ते सांगू लागला. मी जरा हळू आहे, हे आमच्या घरात माझ्या लहानपणीच ठरून गेलं होतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. एखाद्याचा आवाज बसका असतो, तशी माझी बुद्धी, एवढंच.

पुरवणी परीक्षेत कशीबशी सुटले आणि श्रीवर्धनच्या बाजूच्या एका कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. गावातून चालत फाट्यावर, तिथून म्हसळा, म्हसळ्याहून एसटीनं समुद्राच्या बाजूला. मराठी आणि इतिहास घेतल्यावर तिसरा विषय काहीतरी घ्यायचाच होता, म्हणून अर्थशास्त्र घेतलं. माझ्यासारखे बरेच जण तसेच त्या वर्गात येऊन बसले होते.

शिकवायला एक मॅडम होत्या. मूळच्या पालीच्या, इथं एका घरात भाड्यानं खोली घेऊन राहायच्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवतील तितकंच मानधन, आणि दरवर्षी नेमणूक नव्यानं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की त्या फळ्याला पाठ करून कधी बोलत नाहीत.

पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर मागणीचा आणि पुरवठ्याचा वक्र काढला. मग विचारलं, "समजा मागणीही वाढली आणि पुरवठाही वाढला, तर किमतीचं काय होईल?" कुणी म्हणालं वाढेल, कुणी म्हणालं कमी होईल. मी मागच्या बाकावर होते. दोन्ही रेघा मनातल्या मनात सरकवून पाहत होते आणि काही केल्या एक उत्तर येईना. मॅडमची नजर माझ्यावर आली. मी घाबरून उठले आणि खरं तेच बोलले, "मॅडम, सांगता येत नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"का सांगता येत नाही?"

"कोण किती वाढलं ते कळल्याशिवाय कसं सांगणार? विक्री वाढेल हे नक्की. किमतीचं नाही सांगता येत."

त्यांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा एकदा सांग. जोरात. सगळ्यांना ऐकू दे."

त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसून ते वाक्य कितीतरी वेळा मनात म्हटलं. सांगता येत नाही, हे उत्तर बरोबर असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी माझा संथपणा कामाला आला होता. पुढची दोन वर्षं मी त्या विषयाला बुडत्यानं ओंडक्याला धरावं तशी धरून राहिले. बाकी विषयांत जेमतेम पास होत होते. अर्थशास्त्रात मात्र मॅडम माझा पेपर वर्गाला दाखवायच्या.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि सूचना लागली. तिसऱ्या वर्षी सहाही पेपर अर्थशास्त्राचे घ्यायचे, तर वर्गात निदान दहा विद्यार्थी हवेत. नाहीतर तो वर्ग उघडणार नाही. नावं दिली होती चौघांनी.

मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले. आत घेतलं तेव्हा सर कसल्याशा कागदांवर सह्या करत होते.

"इतिहास घे," ते म्हणाले. "मार्क चांगले मिळतात. मुली इतिहासच घेतात."

"सर, मला अर्थशास्त्रच करायचंय."

"मग अलिबागला जा, पनवेलला जा. तिथं मोठी कॉलेजं आहेत."

"तिकडे घरचे पाठवणार नाहीत सर."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "बाळा, दहा मुलं आण, मी वर्ग उघडतो. माझ्या हातात तेवढंच आहे."

मी ते शब्दशः धरलं. घरी माझ्याबद्दल पुढं काय ठरेल ते मला दिसत होतं. इतिहासात कशीबशी पदवी, मग कुणीतरी स्थळ आणणार, आणि "ती जरा हळू आहे, पण कामाला चांगली" असं माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगितलं जाणार. त्यातून सुटायला माझ्याकडे हा एक विषय होता, दुसरं काहीच नव्हतं.

सुट्टीत मी दारोदार फिरले. म्हसळ्यात, दिघी रोडला, श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांमधून. वर्गातल्या एकेकाच्या घरी जाऊन ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि सांगायचे, की अर्थशास्त्र सोपं आहे, मॅडम सगळं मराठीतून समजावतात, नोट्स मी काढून देईन. एका बागायतदाराच्या मुलाला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. त्याला म्हटलं, "बँकेत हेच विचारतात." खरंखोटं मला माहीत नव्हतं. दोघी बहिणी होत्या, त्यांना कुठलाही विषय चालणार होता, फक्त दोघींना एकच हवा होता. एकाची आई मला म्हणाली, "तुला काय मिळतंय गं यातून? कमिशन?" मी हसले, पण वाटेत रडू आलं.

म्हसळ्याची एक मुसलमान मुलगी होती, आमच्याच वर्गातली. वडील कुवेतला. ती उंच, बोलायला फटकळ, आणि मला वाटतं आमच्या सगळ्यांत हुशार, पण अभ्यास करताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिला मी माझं सगळं बोलणं ऐकवलं. ती दाराला टेकून ऐकत राहिली.

"झालं?" ती म्हणाली. "आता खरं सांग. तुला का पाहिजे?"

"मला दुसरं काही येत नाही."

"चल, लिही माझं नाव. इतिहासाच्या सनावळ्या माझ्या डोक्यात राहतच नाहीत."

नऊ झाले. दहावा मिळेना. प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा मी दादाला फोन लावला. दादा बी.ए.ची दोन वर्षं ह्याच कॉलेजात करून, तिसरं वर्ष टाकून नोकरीला लागला होता. त्याच्याही दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र होतं.

"येडी झालीस काय?" तो म्हणाला. मागं ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. "मी आता कॉलेजात बसू? इकडे बारा-बारा तासांची ड्युटी हाय."

"तू बसू नको. फक्त प्रवेश घे. परीक्षेला ये."

"आणि नापास झालो तर?"

"हो नापास."

तो थोडा वेळ गप्प राहिला. माझा आवाज त्याला वेगळा लागला असावा. मग म्हणाला, "सोमवारी ऑफ हाय. येतो."

तो आला. यार्डातलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट तसंच अंगात होतं. प्राचार्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नोकरी करता?"

"हां सर. न्हावा शेवाला."

"मग अर्थशास्त्र कशाला आता?"

दादानं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा."

वर्ग उघडला. बाहेरच्या व्हरांड्यात मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. तो आनंद मला आजही आठवतो. फार टिकला नाही, म्हणूनही असेल.

मॅडमनी जेमतेम सूक्ष्म अर्थशास्त्राचं पहिलं प्रकरण संपवलं. गौरी-गणपती झाले. त्यांच्या तासांना वरून मंजुरी आलीच नव्हती. त्या बिनमानधनाच्या शिकवत होत्या, आणि मंजुरी येईल येईल म्हणून थांबल्या होत्या. एका दुपारी तास संपल्यावर त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं आणि साध्या आवाजात सांगितलं, "मुलांनो, सोमवारपासून मी नसेन. पालीला एका शाळेत लागतेय. कॉलेज दुसरं कुणीतरी बघेल."

आम्ही उभेसुद्धा राहिलो नाही. त्या दारातून गेल्या आणि आम्ही दादा सोडून नऊ जण बसल्या जागी बसून राहिलो.

दुसरं कुणी आलं नाही. प्राचार्य म्हणायचे जाहिरात दिली आहे. एवढ्या आडबाजूला, तासांच्या मानधनावर कोण येणार होतं? कॉमर्सचे एक सर चार-दोनदा आले, गाइडमधलं वाचून दाखवलं. तेही मग येईनासे झाले. विषय बदलायची मुदत कधीच उलटून गेली होती. आणि एके दिवशी त्या दोघी बहिणींतली धाकटी, जी कधी मोठ्यानं बोलत नसे, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आम्ही इतिहासच घेणार होतो. तू घरी आलीस म्हणून हे घेतलं. आता काय करायचं ते सांग."

तिच्यामागे बाकीचे होते. कुणी भांडत नव्हतं. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते.

मी पालीला जायचं ठरवलं. माणगावला गाडी बदलून पोचले तेव्हा शाळेची मधली सुट्टी चालली होती. मॅडम मैदानाच्या कडेला एका लिंबाखाली उभ्या होत्या, हातात शिट्टी. त्यांना अर्थशास्त्र नाही, पाचवी-सहावीला इतिहास-भूगोल आणि खेळाचा तास दिला होता. मला पाहून त्यांचा चेहरा आधी उजळला, मग एकदम सावध झाला.

"मॅडम, शनिवारी-रविवारी या. फक्त महिन्यातून दोनदा. आम्ही सगळे मिळून गाडीभाडं..."

"नाही."

"मग आम्ही इथं येतो. दिवाळीच्या सुट्टीत. कुठंही बसू, देवळाच्या आवारात बसू."

"नाही गं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पोरं धावत होती तिकडे बघत होत्या. "ऐक. मी किती वर्षं त्या वर्गात उभी राहिले तुला माहीत नाही. दर जूनला वाटायचं या वर्षी पक्कं होईल. यंदा तू दहा मुलं जमवलीस तेव्हा मला वाटलं, आता तरी. आणि तरी नाही झालं. आता मी पुन्हा तो खडू हातात घेतला ना, तर ही शाळासुद्धा माझ्याच्यानं होणार नाही. कळतंय का तुला?"

"आमचं काय होणार मॅडम?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, मला कळलं नाही. त्यांनी सुट्टी संपल्याची शिट्टी वाजवली.

मी परत स्टँडवर आले. देवाला आलेल्या लोकांची गर्दी होती, हार-पेढ्यांची दुकानं ओसंडत होती. मी इतक्या जवळ येऊन दर्शनाला गेले नाही. मला कुणाकडे काही मागायची ताकदच उरली नव्हती. गाडीत बसल्यावर मॅडमचा राग येत होता, आणि त्या बरोबर आहेत हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्यातलं एकही कमी होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. दुसरा काही मार्ग दिसत नव्हता. लायब्ररीतून आणलेलं एक जुनं मराठी पुस्तक हातात होतं. अल्पाधिकाराचं प्रकरण काढलं, म्हणजे बाजारात मोजकेच विक्रेते असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर डोळा ठेवून असतो, ते. त्यात मागणीचा एक वक्र असतो, मध्येच बाक आलेला. मी तो पुस्तकातून फळ्यावर काढला आणि मॅडमसारखं मुलांकडे तोंड करून बोलू लागले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी पुस्तकातली वाक्यंच पाठ म्हणते आहे.

म्हसळ्याची मैत्रीण तिसऱ्या बाकावर होती. "ए," ती म्हणाली, "तुला स्वतःला समजलंय का?"

मी खडू हातात घेऊन उभी. "नाही."

"मग आम्हाला काय सांगतेस? बस इथं."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि पहिलं वाक्य वाचलं. "आता याचा अर्थ काय?" कुणालाच येईना. पुन्हा वाचलं. शेवटी तो बागायतदाराचा मुलगा म्हणाला, "बीचवर ज्या दोन-तीन नारळपाण्याच्या गाड्या असतात, त्यांच्यासारखं असेल. एकानं भाव उतरवला की बाकीच्यांना उतरवावाच लागतो. पण एकानं चढवला तर बाकीचे गंमत बघत बसतात." मैत्रिणीनं वक्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणून इथं बाक?" ती म्हणाली.

त्या दिवशी एक पान झालं. सगळा तास एकाच पानात गेला.

असंच पुढं चाललं. सुंदर वगैरे काही नव्हतं ते. बऱ्याचदा आम्ही एखाद्या परिच्छेदावर डोकं आपटून घरी जायचो. चुकीचं शिकतोय की बरोबर, हे सांगणारं कुणी नव्हतं. सांख्यिकीचं पुस्तक तर आम्ही अर्ध्यात सोडूनच दिलं. दोघं-तिघं येईनासे झाले. मी त्यांना फोन करायचे आणि ते उचलायचे नाहीत. एसटीत मी पुस्तक उघडून बसायचे आणि घाटाच्या वळणांवर मळमळायचं, तरी बंद करायचे नाही. घरी आई म्हणायची, तोंड बघ केवढंसं झालंय. बाबा एकदा जेवताना म्हणाले, "येवढा जीव कशाला काढतेस? पास न्हाय झालीस तर कोण मारतंय व्हय?" त्यांनी मायेनं म्हटलं होतं. मी ताटावरून उठून गेले.

दादा ऑफच्या दिवशी यायचा आणि मागे बसून डुलक्या घ्यायचा. एकदा पुढच्या सत्राचं आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचं पुस्तक हातात आलं, तेव्हा सगळे त्याच्याकडे वळले. तुम्ही बंदरात काम करता, आयात-निर्यात रोज बघता, काहीतरी सांगा. दादा ओशाळला. "मी गेटवर कंटेनरच्या डब्याचा नंबर बघतो आणि सील बघतो. आत काय असतं, कुठून आलं, कुणी सांगत न्हाय. मला काय माहीत?" सगळे पुन्हा पुस्तकाकडे वळले. मला त्याची दया आली. तो माझ्यासाठी तिथं बसला होता.

पाचव्या सत्राचा निकाल लागला. मैत्रीण सगळ्या पेपरांत पास. सूक्ष्म अर्थशास्त्रात तिला माझ्याहून जास्त मार्क होते. मी सांख्यिकीत नापास झाले होते. दादा एक विषय सोडून सगळ्यांत गेला. मैत्रिणीला ते मार्क बघून स्वतःचंच नवल वाटत होतं. "हे माझेच आहेत ना?" असं तिनं मला विचारलं, फटकळपणा न करता, अगदी हळू.

आणि जानेवारीत तिचे अब्बा कुवेतहून कायमचे परत आले. तिकडचं काम बंद पडलं होतं. महिनाभरात तिनं समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर काउंटरची नोकरी धरली. मला तिनं कॉलेजच्या गेटवर सांगितलं.

"तू जाऊ नकोस," मी म्हटलं. माझा तोल सुटला होता. "तू गेलीस तर मी एकटी काय करू? मला एकटीला नाही जमत."

"घरात दोन लहान भाऊ आहेत. अब्बा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी काय फळ्यावर वक्र काढत बसू?" मग तिचा आवाज उतरला. "परीक्षेला येईन. वचन देते. तू फक्त काय वाचायचं ते फोनवर पाठवत जा."

मी पाठवत राहिले. ती रात्रपाळीला काउंटरवर बसून वाचते असं कळवायची. कधी एखादा प्रश्न पाठवायची आणि मला त्याचं उत्तर शोधायला दोन दिवस लागायचे. वर्गात आता आम्ही चौघं-पाचच जण येत होतो. तिच्याशिवाय त्या पानांना धार राहिली नाही. स्थूल अर्थशास्त्राची प्रकरणं मी वाचून दाखवायचे, सगळे लिहून घ्यायचे. कुणी विचारत नव्हतं, तुला समजलंय का.

परीक्षा एप्रिलच्या अखेरीस आली, नेमकी पर्यटकांच्या हंगामात. पहिल्या पेपरच्या आदल्या सकाळी तिचा फोन आला. सुट्टी देत नाहीत. मी उठले आणि तडक रिसॉर्टवर गेले. तिथं पोरंबाळं, टोप्या, वाळूनं भरलेले पाय, काउंटरवर रांग. ती निळ्या साडीत, केस घट्ट बांधलेले, चाव्या देत होती. मला पाहून तिनं मानेनंच नाही म्हटलं.

मी मॅनेजरला गाठलं. मुंबईकडचा माणूस होता, घामाघूम झालेला.

"सर, तिला उद्या फक्त सकाळचे तीन तास सोडा. पेपर झाला की मी स्वतः आणून सोडते."

"मॅडम, लाँग वीकेंड आहे. हाउसफुल आहे. माझ्याकडे दुसरी मुलगीच नाही."

"तिचं वर्ष जाईल सर. ती आमच्यात सगळ्यात हुशार आहे."

"असेल ना. म्हणून तर काउंटरला तिला ठेवलंय." त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. "मी उद्या तिला सोडलं, तर वर मला विचारतील. मग मीच घरी बसेन. सांगा, मी काय करू?"

मी त्याच्यासमोर हात जोडले. त्याहून वाईट मला कधी वाटलं नाही. आजूबाजूला लोक बघत होते. मैत्रीण काउंटरमागून बाहेर आली, माझा हात धरून मला फाटकापर्यंत घेऊन गेली.

"बस कर," ती म्हणाली. "माझ्यासाठी असे हात नको जोडूस. मला इथं उभं राहायचंय रोज."

"पण तू वचन..."

"हो. दिलं होतं."

ती आत गेली. मी सुरूच्या झाडांखाली बसले आणि मोठ्यानं रडले. शेजारी कुणीतरी पोरांना घेऊन फोटो काढत होतं. ते जरा लांब सरकले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या हॉलमध्ये तिचा बाक रिकामा होता. दादा माझ्यामागे होता. ड्युटी करून, थेट प्रवास करून आलेला, डोळे लाल. मी व्यवहारतोलाचा, म्हणजे देशाच्या परदेशांशी असलेल्या जमाखर्चाचा, प्रश्न लिहायला घेतला आणि माझं पेन चालेना. एवढे दिवस सगळ्यांना धरून ठेवायच्या धडपडीत मी स्वतः किती थोडं शिकले, ते त्या कोऱ्या पानावर मला दिसलं. पर्यवेक्षक जवळून गेले, थांबले, "बरं वाटत नाही का?" म्हणाले. मी मान हलवली. मग जे येत होतं ते लिहीत गेले. तुटक लिहिलं, आकृत्या वाकड्या आल्या.

निकालात दहापैकी पाच जण सुटले. मी पुन्हा दिलेल्या सांख्यिकीसकट सुटले, पण एम.ए.ला मुंबईत प्रवेश मिळावा इतके मार्क नव्हते. त्या दोघी बहिणींतली मोठी सुटली, धाकटीचे दोन विषय राहिले. तिनं मला काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. दादानं नापासाचा निकाल फोनवर बघितला, आणि "चल, दहावं नाव तर लागलं होतं ना?" म्हणून हसला. ते हसणं मला सहन झालं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजनं तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र ठेवलंच नाही.

मी दादाच्याच ओळखीनं उरणजवळ माल पाठवणाऱ्या एका ऑफिसात लागले. दिवसभर कंटेनरची माहिती कॉम्प्युटरवर भरते. बाहेरून एम.ए. करतेय. गेल्या वर्षी एका पेपरात गेले, तो पुन्हा देणार आहे. बाबा आता लोकांना सांगतात, पोरगी हापिसात हाय. ते ऐकून मला बरं वाटायला हवं.

मैत्रिणीला मी सोडलं नाही. राहिलेल्या विषयांची परीक्षा पावसाळा सरता सरता असते, तेव्हा रिसॉर्ट रिकामं असतं. मी तिला इतका तगादा लावला, की शेवटी तिनं वैतागून परीक्षेचा फॉर्म भरला. मी रजा टाकून म्हसळ्याला गेले आणि तिच्याबरोबर श्रीवर्धनच्या गाडीत बसले. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, पुस्तक मांडीवर मिटलेलं. तिच्या ओठांखाली एक नवी, थकलेली रेघ आली होती.

पेपर संपला तेव्हा मी पायऱ्यांशी उभी होते. ती सगळ्यांच्या मागून आली.

"कसा गेला?"

"बरा. तुलनात्मक लाभाचा प्रश्न होता. सगळा लिहिला." ती पायरीवर बसली. "सुटेन मी. कळतं ना ते." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पण सुटून काय करू गं? तू सांग. तुला तर त्याचंच काहीतरी करायचं होतं. मी याचं काय करू?"

माझ्या तोंडाशी कितीतरी गोष्टी आल्या. बँक, स्पर्धा परीक्षा, एम.ए. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यातली एकही बाहेर पडली नाही. मी तिच्या शेजारी बसले. आत दुसऱ्या कुठल्यातरी वर्गाची घंटा झाली, मुलं बाहेर आली, आम्हाला ओलांडून गेली.

"संध्याकाळी ड्युटी आहे," ती म्हणाली आणि उठली. तिनं मला हात देऊन उठवलं. स्टँडवर तिची गाडी लागलीच होती. ती चढली, मागच्या खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आणि गाडी वळेपर्यंत तो तसाच ठेवला.